तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

१

बोट संध्याकाळी सहाला सुटणार होती, आणि रेल्वेने दोघांना सकाळी सातलाच त्या अफाट शहरात आणून टाकलं होतं. मधले अकरा तास काढायचे कुठे? म्हणून मिस्त्रींनी बंदराजवळच्या एका लॉजवर दिवसापुरती खोली घेतली. "झोपायला नाही हो, नुसती पाठ टेकायला," असं त्यांनी काउंटरवरच्या मॅनेजरला दोनदा सांगितलं. जसा काही दिवसा झोपणं हा गुन्हाच.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्टी बसवल्या, उघडल्या, पुसल्या, शिव्या घालून चालू केल्या. बायको बालवाडीत शिकवायची. दोन पिढ्यांनी त्यांना 'बाई' म्हटलं, आणि शेवटी मिस्त्रीही चारचौघांत त्यांना बाईच म्हणू लागले.

समुद्रापलीकडे बारा दिवसांच्या अंतरावर त्यांची एकुलती एक लेक होती. तिला आठवा महिना लागला होता. याआधी दोनदा देवाने देऊन काढून घेतलं होतं. दुसऱ्या वेळी तर सातवा महिना सरत आला होता. त्यानंतर लेक फोनवर फारसं बोलायचीच नाही. या वेळी मात्र एकच वाक्य बोलली, "आई, तू असशील ना?" बाईंनी दुसऱ्या दिवशी बॅग माळ्यावरून खाली काढली.

मिस्त्रींचं असं ठरलं होतं की बाईंना पोचवायचं, चार दिवस राहायचं आणि त्याच बोटीने परत फिरायचं. "मी तिथे राहून काय करू? दुपटी धुऊ?" असं ते म्हणत. खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका लिफ्टला कान लावून 'ठणठणीत आहे' म्हणून सांगितलं होतं, आणि तासाभरात ती पाच माणसांना घेऊन अडकली. तीन तास. कुणाला काही झालं नाही, पण डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं की मिस्त्रींचा डावा कान अर्धाअधिक गेला आहे. त्यांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. तेव्हापासून माणूस स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखा वागायचा.

मॅनेजर चष्मा कपाळावर चढवून किल्ली देत म्हणाला, "चौथा मजला. लिफ्ट आहे, पण म्हातारी आहे हो. जरा सांभाळून घ्या."

"मीही म्हाताराच आहे," मिस्त्री म्हणाले. "आमचं जमेल."

जुन्या पद्धतीची लिफ्ट होती ती. आत सरकती जाळी, आणि जाळीतून समोरची भिंत खाली जाताना दिसायची. मिस्त्री सवयीने मनात मोजू लागले. पहिल्यावरून दुसऱ्यावर, चार सेकंद. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, चार. तिसऱ्यावरून चौथ्यावर...

सात.

२

"काय झालं?" खोलीत शिरल्यावर बाईंनी विचारलं. "चेहरा असा का केलाय? चहा गार मिळाल्यासारखा?"

"काही नाही."

खोली बरी होती. दोन खाटा, एक टेबल, खिडकीतून क्रेनच्या माना दिसत होत्या. बाईंनी चपला काढून पाय वर घेतले आणि पाचव्या मिनिटाला त्या घोरू लागल्या. मिस्त्री मात्र खाटेच्या कडेवर बसून राहिले. सात सेकंद. मोटर मंदावली असती तर आवाज बदलला असता. पण आवाज बदलला की नाही हे सांगणारा कान आता राहिला कुठे होता?

ते हळूच उठले, जिन्याने खाली गेले आणि पायऱ्या मोजत वर आले. पहिला ते दुसरा, बावीस. दुसरा ते तिसरा, बावीस. तिसरा ते चौथा, बावीस. पुन्हा मोजल्या. बावीसच. म्हणजे इमारत सरळ होती. मग लिफ्टला तीन सेकंद जास्त लागायला मध्ये जागा हवी, आणि जागा तर नव्हती.

बाई जाग्या झाल्या तेव्हा ते धापा टाकत दारात उभे होते.

"जिना चढून आलात? या वयात? कशाला?"

"व्यायाम."

"चौतीस वर्षांत एकदा केला नाहीत व्यायाम. आज परक्या गावात सुचला?" बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "अहो, काम सोडलंत ना? मग आता लिफ्ट त्यांची, डोकेदुखी त्यांची. आपल्याला संध्याकाळी बोट पकडायचीय."

बरोबर होतं. मिस्त्रींनी मान डोलावली.

३

अकराच्या सुमारास दोघं जेवायला उतरली. बाईंचे गुडघे जिन्याला तयार नव्हते, म्हणून लिफ्टच घ्यावी लागली. या वेळी मिस्त्रींनी आकडे मोजले नाहीत. त्यांनी भिंत पाहिली.

लिफ्टच्या विहिरीतली भिंत कशी असते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. काळी, वंगणाने माखलेली, धुळीची जाड साय धरलेली. तिला कुणी हात लावत नाही, कारण तिथे कुणी पोचतच नाही. चौथ्यावरून निघाल्यावर तशीच भिंत जाळीसमोरून वर सरकत गेली. मग एकाएकी ती गुळगुळीत झाली. माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर तिच्यावर तेलकट, तकतकीत पट्टा होता. एस.टी. स्टँडवर, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत भिंतीला जसा पडतो तसा. पाठ टेकून, डोकं टेकून, वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या माणसांचा.

मग पुन्हा धूळ, पुन्हा वंगण, आणि तिसरा मजला.

"तुम्ही काही म्हणालात का?" बाईंनी विचारलं.

"नाही. का?"

"कुणीतरी म्हणाल्यासारखं वाटलं. 'आली का?' असं."

मिस्त्रींना काहीच ऐकू आलं नव्हतं. उजव्या कानाने नाही, डाव्याने तर नाहीच. ते म्हणाले, "मोटर कुरकुरते गं," आणि आपण खोटं बोललो हे त्यांना लगेच जाणवलं.

बाहेर निघताना ते काउंटरपाशी थांबले. "तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये काय आहे?"

मॅनेजरने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू प्रश्न वाचायचा होता. "मध्ये काय असणार? काही नाही."

"लिफ्टला जास्त वेळ लागतो तिथे."

"लागतो थोडा." तो रजिस्टरात बघू लागला. "लागतो, पण पोचते."

४

जेवून आल्यावर मिस्त्रींचा डोळा लागला. जाग आली ती दाराच्या आवाजाने. बाई निघाल्या होत्या.

"कुठे?"

"कोपऱ्यावर. बोटीच्या कागदांची झेरॉक्स काढायचीय. लेकीने तीन तीनदा सांगितलंय, दोन प्रती ठेवा म्हणून."

"मी जातो."

"तुम्ही झोपा. मी काय दूध पिती पोर आहे?"

"बरं, मग येताना जिन्याने ये."

"गुडघे माझे आहेत, तुमचे नाहीत," असं म्हणून बाई हसल्या आणि गेल्या.

पंधरा मिनिटं गेली. मिस्त्रींना खोलीत बसवेना. ते बाहेर येऊन लिफ्टच्या दारापाशी उभे राहिले. दुपारचे अडीच वाजले होते. जिन्याच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि कुठल्याशा खोलीत रेडिओ चालू होता. सगळं इतकं नेहमीचं होतं की त्यांना स्वतःचंच हसू आलं.

खाली लिफ्टची जाळी खडखडली. दारावरच्या पट्टीत एकचा दिवा लागला. मग दोनचा. मग तीनचा.

तीन विझला. चार लागला नाही.

त्यांनी मोजलं. चार. सात. दहा. वीस. दाराला तळहाताएवढी काच होती; तिला डोळा लावला तर आत अंधार, आणि ताठ उभे दोर.

"अगं!" त्यांनी हाक मारली.

"अहो, इथे थांबली आहे!" बाईंचा आवाज खालून आला. घाबरलेला नव्हता. "काळजी करू नका, एकटी नाहीये मी!"

लिफ्ट वाटेत कुठल्याच मजल्यावर थांबली नव्हती. ही खालून एकटीच निघाली असणार. मग हिच्यासोबत कोण?

"कोण आहे?" ते ओरडले.

खालून फक्त एक गुणगुण येत होती, भरलेल्या खोलीत माणसं अदबीने हळू बोलतात तशी. आणि ती त्यांना डाव्या कानाने ऐकू येत होती.

५

गच्चीवरच्या मशीन रूमची किल्ली मॅनेजरकडे होती. तो धापा टाकत वर आला, पण त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मिस्त्रींच्या ते मागाहून लक्षात आलं.

खोली लहान होती. मोटर, मोठं चाक, आणि चाकावरून फरशीतल्या भोकांतून खाली गेलेले पोलादी दोर. मिस्त्रींनी मेन स्विच पाडला. शांतता झाली. त्यांनी बाह्या वर केल्या आणि चाक धरलं.

"हा ब्रेकचा दांडा. मी 'सोडा' म्हटलं की उचलायचा, 'दाबा' म्हटलं की सोडून द्यायचा. मध्ये काही विचार करायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"दोरांच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन. केबिनीत एकच माणूस असलं की लोखंड जड पडतं. ब्रेक सैल केला की केबिन आपसूक वर येते. बाई जेमतेम पन्नास किलोच्या. मला फक्त चाक धरून ठेवायचंय. सोडा."

दांडा उचलला गेला. चाक हललं.

उलटं.

"दाबा! दाबा!"

केबिन खाली ओढत होती. मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात हजार वेळा हे चाक हाताने फिरवलं होतं. तळहातांना वजन कळायचं, वाण्याच्या तागडीसारखं. ही केबिन भरलेली होती. सहा माणसं, कदाचित सात. सामानासकट.

"किती जण आहेत आत?" मॅनेजरने विचारलं.

"एक," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पुन्हा 'सोडा' म्हटलं आणि सगळा जीव एकवटून चाक वरच्या दिशेने रेटलं. ते तसूभर सरकलं आणि तसूभर परत आलं. तीनदा असंच झालं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तो पुसताना त्यांची नजर दोरांवर गेली.

दोरांवर रंगाच्या खुणा असतात. केबिन एखाद्या मजल्याला बरोबर लागली की ती खूण मोटरच्या चौकटीवरच्या रेघेसमोर येते. दर मजल्याला एक, पिवळी. इथेही होत्या. पण रेघेच्या जरा अलीकडे, तिसऱ्या आणि चौथ्याच्या खुणांच्या मध्ये, आणखी एक खूण होती. लाल, जुनी, पुसट झालेली. हाताने, घाईघाईत ओढलेली.

त्यांच्यासारख्याच कुण्या मिस्त्रीने, कधीतरी, इथेच ही केबिन लावली होती. आणि पुढे कुणाला तरी पुन्हा लागेल म्हणून खूण करून ठेवली होती.

"ही कुणी केली?"

"मी यायच्या आधीची आहे," मॅनेजर म्हणाला. तो दांड्याकडे बघत होता, मिस्त्रींकडे नाही.

चौतीस वर्षांची अक्कल सांगत होती की जिथे मजला नाही तिथे माणसं भरलेली केबिन मुद्दाम उभी करायची नसते. दोन्ही हात मात्र वेगळंच सांगत होते: हे वजन वर येणार नाही. त्याला वर यायचंच नाहीये. त्याला उतरायचंय.

दोन वर्षं मिस्त्रींनी स्वतःवर काडीचा विश्वास टाकला नव्हता. आता दुसरं कुणीच नव्हतं टाकायला.

"सोडा," ते म्हणाले, आणि चाक धरून केबिन वीतभर खाली जाऊ दिली. लाल खूण रेघेसमोर आली. "दाबा."

६

आधी काहीच झालं नाही. मग खालून जाळी सरकल्याचा आवाज आला.

दोराला एक हिसका बसला. बारीकसाच, पण ओळखीचा. केबिनीतून माणूस बाहेर पाऊल टाकतं तेव्हा दोर असाच श्वास सोडतो.

"एक," मिस्त्री पुटपुटले.

दुसरा हिसका. तिसरा. कुणीही घाई करत नव्हतं. चौथ्या हिसक्याच्या वेळी काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला, आणि एक पुरुषी आवाज "माफ करा हं" म्हणाला. मॅनेजरने डोळे मिटून घेतले. पाच. सहा.

मिस्त्री गुडघ्यांवर बसले आणि फरशीतल्या भोकाला डोळा लावला. दोरांच्या बाजूने, खोल खाली, केबिनीच्या छताच्या कडेशी एक उजेडाची पट्टी पडली होती. भिंत जिथे सलग असायला हवी तिथून ती येत होती. दुपारच्या उन्हासारखी पांढरी, पण ऊब नसलेली. त्या पट्टीत त्यांना एका सुटकेसचा कोपरा दिसला, आणि ती उचलणारा हात. हात म्हाताऱ्या माणसाचा होता. सुटकेस उचलली गेली आणि पट्टीतून निघून गेली.

"अगं, ऐकतेस ना?"

बाईंचा आवाज आला, पण त्यांच्यासाठी नव्हता. बाई लहान मुलाशी बोलतात त्या आवाजात बोलत होत्या. "हो रे राजा... हो रे, नेते हं..."

दोर थरथरले. हिसका नव्हता तो. अर्धा पाय उचलल्यासारखं काहीतरी.

मिस्त्रींना आतलं काही दिसत नव्हतं, काही समजतही नव्हतं. पण आपलं माणूस उंबऱ्यावर उभं आहे एवढं त्यांना त्या दोरातून कळलं. त्यांनी तोंड भोकाशी नेलं.

"अगं, इकडे बघ! मी परत फिरणार नाहीये. ऐकलंस? चार दिवसांनी नाही, महिन्याने नाही. मी तिथेच राहणार आहे तुमच्याबरोबर. दुपटी धुईन. काय सांगाल ते करीन. पोरगी वाट बघतेय गं! चल!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. रेडिओवरचं गाणं संपून दुसरं लागलं.

मग दोराला सातवा हिसका बसला. इतका हलका, की दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. चिमणी फांदीवरून उडावी तसा.

जाळी सरकली. उजेडाची पट्टी मिटली.

"सोडा," मिस्त्री म्हणाले. चाक त्यांच्या तळव्याखाली आपसूक फिरलं, सुलट, आणि केबिन वर तरंगत आली.

७

चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा बाई झेरॉक्सचा लिफाफा छातीशी धरून उभ्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण पाय स्थिर होते. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय अनवाणी होता.

"चप्पल कुठेय?" मिस्त्रींनी विचारलं. माणसाला अशा वेळी काय सुचेल सांगता येत नाही.

"राहू दे ती," बाई म्हणाल्या.

दोघं सामान उचलून जिन्याने उतरली. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. मॅनेजरने हात जोडले. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन त्याने बाईंकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "सुखरूप पोचा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

बंदरावर रांग लागली होती. बाईंच्या पायात आता मिस्त्रींचे जास्तीचे कॅनव्हासचे बूट होते, पुढे कागद कोंबलेले. समोर बोट पांढरीशुभ्र उभी होती. बाई बोलू लागल्या ते आपणहून.

"सगळे चांगले होते हो. घाबरवलं नाही कुणी. तिसरा गेला आणि मान वळवली तर उभेच. माझ्यासाठी सरकून जागा केली. एकाने विचारलं, तुम्हाला न्यायला कुणी येणार आहे का? मी म्हटलं, आमचे हे वरच उभे असतील. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी काही मी मोठी राणीच."

"आणि बाळ?"

"एकीच्या कडेवर होतं. म्हणाली, उतरेपर्यंत धरता का जरा? मी घेतलं. वजनच नव्हतं हो त्याला. पण घेतल्यावर सोडवेना. ती बाहेर गेली आणि तिथूनच म्हणाली, तुम्हीच आणा ना त्याला. मी पाऊल टाकलं होतं बाहेर."

मिस्त्रींनी त्यांचा हात धरला.

"मग तुमचा आवाज आला. दुपट्यांचं काहीतरी ओरडत होतात. मी हात लांब केले, तिचं तिला दिलं. म्हटलं, माझे हात लागणार आहेत हो, माझ्या लेकीला. ती रागावली नाही. पाय ओढून घेतला, तेवढ्यात चप्पल गेली."

"बाहेर काय होतं?"

"बाकं," बाई म्हणाल्या. "लांबच लांब. आणि सगळी माणसं माझ्याकडे पाठ करून बसलेली. आता पुन्हा विचारू नका."

त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. रांग सरकली. बोटीवर जायच्या पुलावर चढताना मिस्त्रींनी कागद दाखवले, आणि परतीचं काय असं तिथल्या माणसाने विचारल्यावर ते म्हणाले, "ते रद्द करायचंय. कुठे सांगायचं?"

८

बारा दिवसांचा प्रवास तेरा दिवसांचा झाला, पण झाला. लेक बंदरावर आली नव्हती; डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. बाई तिच्या उशाशी बसल्या त्या बसल्याच. मिस्त्री बाजार करायला शिकले, परक्या भाषेत कांद्याला काय म्हणतात ते शिकले, आणि एक दिवस जावयाला स्वयंपाकघरातून बाहेर काढून त्यांनी स्वतः भात लावला. तो करपला. लेक बऱ्याच महिन्यांनी पोट धरून हसली आणि मग घाबरून गप्प झाली. बाई म्हणाल्या, "हस गं. काही होत नाही."

दिवस भरले तसं बाळ आलं. मुलगी. सकाळचे दहा वाजले होते आणि खोलीभर ऊन होतं. नर्सने तिला गुंडाळून बाईंपुढे धरलं. बाईंचे हात पुढे झाले आणि मध्येच थबकले. मिस्त्रींनी ते पाहिलं. मग बाईंनी तिला घेतलं. त्यांच्या कोपरांना भार जाणवला, खांदे किंचित खाली आले, आणि त्या एकदम मोठ्याने रडू लागल्या.

"काय झालं?" खाटेवरून लेक धडपडून उठू लागली. "आई, काय झालं? सांग ना!"

"काही नाही गं बाई," बाई रडत रडत हसत म्हणाल्या. "जड आहे. चांगली जड आहे!"

"मग मला दे ना इकडे. माझी आहे ती!"

बाईंनी नात लेकीच्या कुशीत ठेवली. मिस्त्री तोवर खिडकीपाशी गेले होते. त्यांना काही बघायचं नव्हतं. नाक शिंकरायचं होतं. बाहेर रस्त्यावर माणसं कामाला निघाली होती. मागून लेक म्हणाली, "बाबा, पाठ करून काय उभे राहिलात? या ना इकडे," आणि ते लगबगीने वळले.